वनस्पतिज द्रव्ये आणि परजीवी पेशीचा मृत्यू : काळ्या आजाराच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

गेल्या पंचवीस वर्षांत अश्वगंधा, हळद, दारुहळद, निर्गुडी, शतावरी यांसारख्या आपल्या नित्य परिचयाच्या वनस्पतींविषयी एक विशिष्ट प्रकारचे संशोधन वारंवार प्रसिद्ध होत आहे. या वनस्पतींतून वेगळे केलेले अमुक एक द्रव्य रोगकारक परजीवी जीवाच्या पेशीत ‘नियोजित पेशीमृत्यू’ घडवून आणते, असा त्याचा निष्कर्ष असतो. असे निबंध वाचून आपल्यापैकी अनेकांना साहजिकच समाधान वाटते. परंपरेने जे सांगितले ते विज्ञानाने सिद्ध केले, असे उद्गारही परिषदांतून ऐकू येतात. काही वेळा औषधाच्या माहितीपत्रकावरही त्या निष्कर्षाचा उल्लेख येतो.

या समाधानात तथ्य किती आणि घाई किती, हे पाहावयाचे तर ‘पेशीमृत्यू’ या शब्दाने संशोधकांना नेमके काय अभिप्रेत असते ते प्रथम समजून घेतले पाहिजे. त्यासाठी प्रस्तुत लेखात आम्ही काळा आजार हा एकच रोग उदाहरणादाखल घेतला आहे. या रोगाच्या परजीवीवर वनस्पतिज द्रव्यांचे जे काम झाले त्यातील मोठा भाग भारतातच, विशेषतः कोलकात्यात झालेला आहे. शिवाय या रोगात उपचाराची चूक रुग्णाच्या जिवावर बेतते. त्यामुळे विषय केवळ बौद्धिक कुतूहलाचा राहत नाही.

कृमी आणि परजीवी : संज्ञांची मर्यादा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमींचे वीस प्रकार सांगितले असून पुरीषज, श्लेष्मज, शोणितज व मलज अशी त्यांची विभागणी केली आहे. शोणितज कृमींपैकी काही अतिसूक्ष्म असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत, असेही तेथे म्हटले आहे. चिकित्सेची तीन सूत्रे दिली आहेत : अपकर्षण, म्हणजे कृमींना शरीराबाहेर काढणे, प्रकृतिविघात, म्हणजे ज्या परिस्थितीत ते वाढतात ती परिस्थिती कटु, तिक्त, कषाय, क्षार व उष्ण द्रव्यांनी बदलणे, आणि निदानपरिवर्जन.

ही सूत्रे आजही विचारप्रवर्तक आहेत. परंतु शोणितज कृमी म्हणजेच आजचे रक्तातील परजीवी, असे सरळ समीकरण मांडणे आम्हांस योग्य वाटत नाही. संहितेने त्या कृमींची जी लक्षणे दिली आहेत ती प्रामुख्याने केस, लोम, त्वचा व मांस यांच्या विकृतीची आहेत. काळा आजार हा ज्वर आणि प्लीहावृद्धी यांनी ओळखला जाणारा रोग आहे. संज्ञा जुळवून घेण्याच्या ओढीने दोन्ही शास्त्रांवर अन्याय होतो. ‘प्रकृतिविघात’ हा शब्द मात्र पुढील विवेचनात मनाशी असू द्यावा. परजीवीला थेट विष घालण्यापेक्षा त्याच्या जगण्याची घडी विस्कटणे ही कल्पना आधुनिक प्रयोगांतही वेगळ्या रूपाने येते.

परजीवी आणि त्याचे जीवनचक्र

काळ्या आजाराचा कारक जीव लीश्मानिया डोनोव्हानी हा एकपेशीय प्राणी आहे. विल्यम लीश्मन आणि चार्ल्स डोनोव्हन या दोघांनी 1903 साली त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले व रोनाल्ड रॉस यांनी दोघांच्या नावांवरून त्याचे नामकरण केले. एका बारीक, केसाळ, रात्री चावणाऱ्या वालुमाशीच्या दंशाने तो मनुष्यशरीरात प्रवेश करतो.

या जीवाची दोन रूपे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व चर्चा त्यावर अवलंबून आहे. वालुमाशीच्या आतड्यात तो लांबट असतो, त्याला शेपटीसारखा कशाभ असतो आणि तो पोहतो. या रूपास प्रोमॅस्टिगोट म्हणतात. मनुष्यशरीरात शिरल्यावर त्याला भक्षकपेशी गिळतात. सामान्यतः भक्षकपेशीने गिळलेला जंतू तिच्या आत पचून नष्ट होतो. लीश्मानिया मात्र त्याच पेशीत, तिच्या आम्लधर्मी कप्प्यात, गोल व कशाभहीन रूप धारण करून संख्येने वाढतो. हे ॲमॅस्टिगोट रूप होय. प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जा येथील भक्षकपेशी त्याने भरून जातात. दीर्घकाळ ज्वर, वाढत जाणारी प्लीहा, कृशता, पांडुता आणि काहींत त्वचेची काळिमा ही लक्षणे त्यातून उद्भवतात. उपचार न झाल्यास बहुतांश रुग्ण दगावतात.

या जीवाच्या पेशीची रचना काही बाबतींत आपल्या पेशींहून भिन्न आहे. आपल्या पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका पुष्कळ असतात. लीश्मानियाच्या पेशीत एकच मोठी तंतुकणिका असते. तिच्यात परस्परांत साखळीच्या कड्यांप्रमाणे गुंतलेल्या असंख्य लहानमोठ्या डीएनए वर्तुळांचे एक जाळे असते. त्यास कायनेटोप्लास्ट म्हणतात. ऑक्सिजनच्या क्रियाशील कणांपासून बचाव करण्यासाठी आपल्या पेशींत कॅटालेज हे विकर असते. लीश्मानियात ते नाही. त्याची संरक्षणव्यवस्था मुख्यतः ट्रायपॅनोथायोन या वेगळ्या संयुगावर उभी आहे. एकच तंतुकणिका आणि वेगळी संरक्षणव्यवस्था ही त्याची दुर्बल स्थाने असून वनस्पतिज द्रव्यांचा आघात बहुधा येथेच होतो.

पेशी दोन प्रकारे मरते

पेशीचा मृत्यू सर्वसाधारणपणे दोन रीतींनी होतो. तीव्र आम्ल, उष्णता किंवा प्रखर विष यांच्या आघाताने पेशी फुगते, तिचे आवरण फाटते आणि आतील द्रव्य बाहेर सांडते. हा अपघाती मृत्यू होय. दुसऱ्या प्रकारात पेशी स्वतःच्याच यंत्रणेने क्रमाक्रमाने आवरते घेते. ती आक्रसते, तिच्या केंद्रकातील डीएनए ठराविक अंतरावर कापला जातो, आवरणाच्या आतल्या बाजूचे काही मेदघटक बाहेरच्या बाजूस येतात, पण आवरण बराच काळ अभंग राहते. यास नियोजित पेशीमृत्यू किंवा ॲपॉप्टोसिस म्हणतात. बहुपेशीय प्राण्यांत तो नित्य घडतो. गर्भावस्थेत बोटांमधील पडदा नाहीसा होतो तो याच मार्गाने.

संशोधक या मृत्यूच्या खुणा पेशीत शोधतात. डीएनए ठराविक अंतरावर तुटला असेल तर विद्युत्क्षेत्रात त्याचे तुकडे शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे पट्ट्यांत विभागले जातात. तंतुकणिकेच्या पटलावरील विद्युत्विभव ढासळला की विशिष्ट रंगद्रव्याची चमक बदलते. तंतुकणिकेतील सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पेशीद्रवात आले की नाही, हेही मोजता येते. यांपैकी अनेक खुणा एकत्र आढळल्या तरच ‘नियोजित मृत्यूसदृश’ असा शब्द वापरणे योग्य ठरते.

नरक्यातील कॅम्प्टोथेसिन : क्रमवार घटना

वनस्पतिज द्रव्य परजीवी पेशीत काय घडवते, याचे सर्वांत तपशीलवार चित्र कॅम्प्टोथेसिन या द्रव्याच्या अभ्यासातून मिळते. मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी वृक्षापासून ते वेगळे करून 1966 साली त्याची रचना प्रसिद्ध केली. यांपैकी वाणी हे मूळचे नंदुरबारचे व मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी. पुढे 1972 मध्ये टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी हेच द्रव्य भारतीय वृक्षात असल्याचे दाखवले. तो वृक्ष म्हणजे सह्याद्रीच्या दाट अरण्यात वाढणारा आपला नरक्या. कर्करोगावरील औषधांसाठी त्याच्या लाकडाला मागणी आली आणि पश्चिम घाटात त्याची बेसुमार तोड झाली, ही दुःखद कथा आपणास ठाऊकच आहे.

कॅम्प्टोथेसिनचे मूळ लक्ष्य टोपोआयसोमरेज-1 हे विकर आहे. डीएनएच्या पिळलेल्या दोरीतील ताण सैल करण्यासाठी हे विकर एका धाग्याला क्षणभर छेद देते आणि लगेच तो पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन या दोन क्रियांच्या मध्ये अडकते. छेद होतो, पण सांधणे थांबते. डीएनएची प्रत काढण्याचे काम चालू असताना असे उघडे छेद साचले की पेशीस ते असह्य होते.

कोलकात्यातील भारतीय रासायनिक जीवशास्त्र संस्थेतील हेमंत मजुमदार यांच्या गटाने 2004 साली हे द्रव्य लीश्मानियावर वापरून पुढील क्रम दाखवला. प्रथम परजीवीच्या पेशीत क्रियाशील ऑक्सिजन कणांची वाढ होते. त्यामुळे पटलातील मेदांचे ऑक्सिडीकरण होते आणि संरक्षक ग्लुटाथायोनचा साठा घटतो. मग तंतुकणिकेच्या पटलाचा विभव ढासळतो, सायटोक्रोम-सी बाहेर येते, प्रथिने कापणारी विकरे सक्रिय होतात आणि शेवटी केंद्रकातील डीएनएचे तुकडे होतात. ज्या जीवाला एकच तंतुकणिका आहे त्याच्या बाबतीत तिचे निकामी होणे म्हणजे घरातील एकुलती एक चूल विझणे होय.

परंतु येथेच एक अडचणही दिसते. टोपोआयसोमरेज-1 मनुष्याच्या पेशीतही आहे. 1970 च्या दशकाच्या आरंभी कॅम्प्टोथेसिनचा क्षार कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिला तेव्हा मूत्राशयात रक्तस्राव व इतर तीव्र विषारी परिणाम झाले आणि ते प्रयोग थांबवावे लागले. त्याच्या सौम्य केलेल्या दोन रूपांना, टोपोटेकान व इरिनोटेकान यांना, अमेरिकेत मान्यता मिळाली ती थेट 1996 मध्ये. लीश्मानियातील हे विकर दोन वेगळ्या उपघटकांचे बनलेले असते, मनुष्यातील मात्र एकसंध असते. या भेदाचा लाभ घेऊन केवळ परजीवीच्या विकरास बाधणारे द्रव्य शोधावे, हा या संशोधनाचा खरा हेतू आहे. नरक्याचे चूर्ण रुग्णास द्यावे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

आपल्या परिचयाच्या इतर वनस्पती

निर्गुडीतील ल्युटिओलिन व अनेक वनस्पतींत आढळणारे क्वेर्सेटिन या दोन फ्लॅवोनॉइडांविषयीचा निबंध 2000 साली प्रसिद्ध झाला. ही द्रव्ये टोपोआयसोमरेज-2 या दुसऱ्या विकराच्या मार्फत कायनेटोप्लास्टमधील डीएनए वर्तुळे तोडतात आणि पेशीचे विभाजन थांबवून तिला मृत्यूकडे नेतात. प्रयोगशाळेत परजीवींची वाढ निम्म्यावर आणण्यास ल्युटिओलिन 12.5 मायक्रोमोलर, तर क्वेर्सेटिन 45.5 मायक्रोमोलर लागले. ल्युटिओलिनचा मनुष्याच्या निरोगी श्वेतपेशींवर दुष्परिणाम दिसला नाही आणि बाधित प्राण्यांच्या प्लीहेतील परजीवींची संख्याही घटली.

अश्वगंधेतील विथाफेरिन-ए या द्रव्याचा निबंध 2007 चा आहे. हे द्रव्य परजीवीतील प्रोटीन कायनेज या संदेशवाहक विकरास रोखते व त्यायोगे वरीलप्रमाणेच घटनाक्रम सुरू करते. त्याच वर्षी शतावरीतील रेसिमोसाइड-ए या सॅपोनिनाविषयीही तसाच निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दारुहळदीतील बर्बेरिनाविषयी 2009 मध्ये असे आढळले की त्याने होणारा मृत्यू ॲपॉप्टोसिससारखा असला तरी त्यात कॅस्पेज या नेहमीच्या विकरांचा सहभाग नाही. बर्बेरिनाचा इतिहास तर याहून जुना आहे. त्वचेच्या लीश्मानिया व्रणात त्याचे स्थानिक अंतःक्षेपण भारतीय डॉक्टरांनी 1920 च्या दशकातच केले होते.

येथे वैद्यांनी एक गोष्ट बारकाईने पाहावी. रेसिमोसाइड-ए हे शतावरीच्या फळातून मिळवलेले आहे. आपण औषधात वापरतो ते मूळ. विथाफेरिन-ए अश्वगंधेच्या पानांत अधिक प्रमाणात असते. आपण पुन्हा मूळच वापरतो. द्रव्याचे नाव एक असले तरी प्रयोज्य अंग भिन्न असेल तर निष्कर्ष एका अंगावरून दुसऱ्यावर नेता येत नाही. प्रयोज्यांगाचा हा विवेक आपल्याच द्रव्यगुणशास्त्राने आपणास शिकवला आहे.

नियोजन की योगायोग?

एकपेशीय जीवाने स्वतःस मारण्याची यंत्रणा बाळगावी तरी का, असा प्रश्न चिकित्सक वाचकास पडेल. बहुपेशीय प्राण्यात एक पेशी मेल्याने सबंध देहाचे हित होते. जेथे पेशी हाच देह आहे तेथे हित कोणाचे?

याचे एक उत्तर असे दिले जाते की वालुमाशीच्या आतड्यातील परजीवी बहुतांशी एकाच वंशाचे असतात. काहींच्या मृत्यूने उरलेल्यांचा निभाव लागतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असे दिसले की दंशाबरोबर शरीरात जाणाऱ्या मृतवत् परजीवींमुळे भक्षक पेशी शांत राहतात आणि जिवंत परजीवींना सुखाने आश्रय मिळतो. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. लीश्मानियात कॅस्पेज विकरे नाहीत. मेटाकॅस्पेज नावाचे त्यांचे दूरचे नातलग आहेत आणि ते प्रथिनांना वेगळ्याच ठिकाणी छेद देतात. त्यामुळे ज्यास आपण नियोजित मृत्यू म्हणतो तो वस्तुतः तंतुकणिका कोसळल्यानंतरचा विस्कळीत शेवट असावा, असे मत मांडणारा समीक्षालेख 2013 साली एका प्रतिष्ठित सूक्ष्मजीवशास्त्रीय नियतकालिकात आला. हा वाद मिटलेला नाही. म्हणूनच सावध संशोधक ‘ॲपॉप्टोसिस’ न म्हणता ‘ॲपॉप्टोसिससदृश मृत्यू’ म्हणतात. आपणही तीच सावधगिरी पाळावी.

परीक्षानळीपासून रुग्णापर्यंत

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. परीक्षानळीतील परजीवी मेला म्हणजे रुग्ण बरा होईल काय?

पहिली पायरी परजीवीच्या रूपाची. पुष्कळ प्रयोग वालुमाशीतील प्रोमॅस्टिगोट रूपावर केलेले असतात, कारण ते पोषणद्रवात सहज वाढते. रुग्णाच्या शरीरात हे रूप नसतेच. तेथील परजीवी भक्षक पेशीच्या आत, तिच्याही आतील कप्प्यात दडलेला असतो. द्रव्याला दोन पटले ओलांडून, आम्लात टिकून तेथवर पोहोचावे लागते.

दुसरी पायरी मात्रेची. ल्युटिओलिनचे 12.5 मायक्रोमोलर म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे 3.6 मिलिग्रॅम, क्वेर्सेटिनचे 45.5 मायक्रोमोलर म्हणजे सुमारे 14 मिलिग्रॅम. परजीवीभोवती ही पातळी काही तास तरी टिकली पाहिजे. मुखावाटे घेतलेल्या फ्लॅवोनॉइडांचा मोठा भाग आतड्यात व यकृतात दुसऱ्या संयुगांशी जोडला जाऊन त्वरित उत्सर्जित होतो. मूळ रूपात रक्तात उरते ते फार अल्प. हळदीतील कर्क्युमिनाचीही हीच स्थिती आहे.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची असून ती रोग्याच्या स्वतःच्या बलाची आहे. येथे हळदीचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. 2008 साली कोलकात्याच्या गटाने दाखवले की कर्क्युमिन परीक्षानळीतील लीश्मानियात क्रियाशील ऑक्सिजन कण वाढवून आणि कॅल्शियमचा समतोल बिघडवून त्याचा अंत घडवते. त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाधित उंदरांना दीर्घकाळ कर्क्युमिन दिल्यावर रोग कमी न होता वाढलेला आढळला. हे विरोधी वाटले तरी कारण स्पष्ट आहे. भक्षक पेशी परजीवीस मारते ती ऑक्सिजनच्या व नायट्रोजनच्या क्रियाशील कणांनीच, आणि तिला त्यासाठी प्रवृत्त करते ती विशिष्ट प्रकारची दाहजनक प्रतिकारक्रिया. कर्क्युमिनाने ती प्रतिकारक्रियाच मंदावली. परजीवीचा शत्रू असलेले द्रव्य शरीरात त्याच्याच पथ्यावर पडले.

द्रव्याचा विचार देश, काल, बल, अग्नी आणि अवस्था यांपासून तोडून करू नये, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून सांगतो. परीक्षानळीत यांपैकी काहीच नसते. तेथील निष्कर्ष असत्य नसतो, तो केवळ अपुरा असतो.

एक पूर्ण झालेला प्रवास

वनस्पतिज द्रव्य परीक्षानळीपासून रुग्णापर्यंत पोहोचतच नाही, असे मात्र नाही. हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे त्याचे उत्तम उदाहरण. प्राचीन चिनी ग्रंथातील वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळून घेण्याच्या सूचनेवरून तू यूयू यांनी 1971 साली उष्णतेऐवजी कमी तापमानात उकळणारा ईथर वापरला आणि प्रभावी अर्क मिळवला. 1972 मध्ये शुद्ध द्रव्य हाती आले. 2015 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याची क्रियाही बोधप्रद आहे. आर्टेमिसिनिनाच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक पूल असतो. हिवतापाचा परजीवी रक्तकणातील हिमोग्लोबिन पचवतो तेव्हा लोहयुक्त हीम मोकळे होते. त्या लोहाने हा पूल तुटतो आणि त्यातून निघालेले क्रियाशील कण परजीवीच्या अनेक प्रथिनांस एकाच वेळी बाधित करतात. परजीवीच्या भक्षणाच्या सवयीतूनच त्याचा नाश ओढवतो.

परंतु या यशामागे शुद्ध द्रव्य, निश्चित मात्रा, रुग्णांवरील तुलनात्मक परीक्षणे आणि दुसऱ्या औषधाची जोड होती. एकटे आर्टेमिसिनिन मुखावाटे देण्याचे थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली बजावले. पुढे आग्नेय आशियात त्याला न जुमानणारे परजीवी आढळले व 2014 साली त्या प्रतिरोधाशी निगडित जनुकबदल ओळखला गेला. 2019 मध्ये संघटनेने या वनस्पतीचा काढा किंवा चूर्ण हिवतापावर वापरण्यास आपला पाठिंबा नसल्याचे स्पष्ट केले. अपुरी मात्रा रोगी बरा करत नाही आणि परजीवीस मात्र औषध पचवण्यास शिकवते. काळ्या आजारातही हेच घडले. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कोलकात्यात शोधलेल्या युरिया स्टिबामाइनने असंख्य प्राण वाचवले. तथापि 1990 च्या दशकाअखेर बिहारमधील अनेक रुग्णांत अँटिमनीची औषधे निष्प्रभ ठरू लागली होती.

वैद्यांचे कर्तव्य

भारतातील काळ्या आजाराचे क्षेत्र बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांतील 54 जिल्ह्यांत, 633 गटांत पसरलेले आहे. गटनिहाय दर 10,000 लोकांमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हे निर्मूलनाचे उद्दिष्ट 2023 साली सर्व गटांत गाठले गेले. हे यश टिकवावयाचे तर उरलेला प्रत्येक रुग्ण वेळीच ओळखला गेला पाहिजे. महाराष्ट्र हे या रोगाचे क्षेत्र नसले तरी त्या राज्यांतून कामासाठी आलेले बंधू आपल्या चिकित्सालयांत येतात. अशा रुग्णास दोन आठवड्यांहून अधिक काळ ज्वर असेल, प्लीहा हातास लागत असेल, वजन उतरत असेल तर त्यास केवळ विषमज्वर किंवा प्लीहोदर समजून चूर्ण-काढ्यांवर ठेवू नये. आरके-39 ही साधी रक्तचाचणी काही मिनिटांत दिशा दाखवते.

दुसरी बाब त्वचेची. काळ्या आजारातून बरे झालेल्या काही रुग्णांत, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, चेहऱ्यावर व अंगावर फिकट चट्टे किंवा गाठी येतात. असा रुग्ण श्वित्र किंवा कुष्ठ समजून वैद्याकडेच प्रथम येण्याची शक्यता अधिक. या चट्ट्यांत स्पर्शज्ञान सामान्यतः शाबूत असते, पण परजीवीही असतात आणि वालुमाशीमार्फत रोग इतरांस होऊ शकतो. पूर्ववृत्तात दीर्घ ज्वर व मूळ गाव यांची चौकशी अवश्य करावी.

संशयित रुग्णास शासकीय रुग्णालयात पाठवावे. तेथे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध शरीरभाराच्या प्रतिकिलो 10 मिलिग्रॅम या प्रमाणात एकदाच शिरेतून देण्याची पद्धत रूढ झाली आहे. भारतात 2002 साली मान्यता मिळालेले मिल्टेफोसिन हे मुखावाटे घेण्याचे औषधही परजीवीत ॲपॉप्टोसिससदृश मृत्यूच घडवते, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. मात्र गर्भावस्थेत ते वर्ज्य आहे. मूळ उपचार झाल्यावर कृशता, अग्निमांद्य व पांडुता यांसाठी आपल्या शास्त्राचा उपयोग निश्चितच आहे. हळद-अश्वगंधेचे कल्प उपचार चालू असताना द्यावयाचे असल्यास ते संबंधित डॉक्टरांच्या माहितीनेच द्यावेत. कर्क्युमिनाचे वरील उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे.

समारोप

वनस्पतिज द्रव्यांनी परजीवी पेशीत होणारा मृत्यू हा खरा आहे, मोजता येणारा आहे आणि नव्या औषधाच्या शोधात मोलाचा आहे. परजीवीची एकुलती तंतुकणिका, त्याचे निराळे विकर, त्याची वेगळी संरक्षणव्यवस्था या दुर्बल जागा याच द्रव्यांनी आपणास दाखवून दिल्या. तथापि त्यातून ‘अमुक वनस्पती काळ्या आजारावर औषध आहे’ असे विधान निघत नाही. तसे विधान करण्यापूर्वी प्रत्येक निबंधास चार प्रश्न विचारावेत : परजीवीचे कोणते रूप वापरले? वनस्पतीचे कोणते अंग व कोणते द्रव्य वापरले? किती मात्रा लागली आणि ती शरीरात गाठता येते काय? बाधित प्राण्यात, आणि अखेरीस मनुष्यात, काय घडले?

हे प्रश्न विचारल्याने परंपरेचा मान कमी होत नाही. आप्तोपदेशाबरोबरच प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती यांनाही प्रमाण मानणाऱ्या शास्त्राचे आपण अभ्यासक आहोत. महाविद्यालयांतील द्रव्यगुण आणि रोगनिदान या विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमवेत असे निबंध या चार प्रश्नांच्या आधारे वाचण्याचा उपक्रम सुरू करावा, अशी आमची नम्र सूचना आहे.